लुई झबोरोव्स्की

लुई व्होरो झबोरोव्स्की (२० फेब्रुवारी, १८९५ - १९ ऑक्टोबर, १९२४) हे इंग्लंडमध्ये वाढलेले मोटार शर्यतपटू आणि हौशी मोटारबांधणीकार होते. जुन्या मर्सिडीज मोटारींच्या चॅसीवर पहिल्या महायुद्धातील विमानांची अवाढव्य इंजिने बसवून त्यांनी तयार केलेल्या गाड्या 'चिटी बँग बँग' या नावाने ओळखल्या जातात. गाडीचे मूळ इंजिन काढून त्या जागी अधिक मोठे इंजिन बसवण्याचा छंद आज जगभर आहे. त्या छंदाच्या इतिहासात झबोरोव्स्की यांचे नाव आरंभीच्या पानांवर येते. ॲस्टन मार्टिन या कंपनीला तिच्या बाल्यावस्थेत त्यांनी मोठे आर्थिक साहाय्य केले. इटलीतील मोन्झा येथे ग्रांप्री शर्यतीत वयाच्या २९व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

कुटुंब आणि बालपण

लुई यांचा जन्म लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील विल्यम एलियट मॉरिस झबोरोव्स्की हे अमेरिकेत जन्मलेले, पोलिश वंशाचे श्रीमंत गृहस्थ होते. ते स्वतःच्या नावामागे 'काउंट' ही उपाधी लावत आणि पुढे लुई यांनीही ती लावली. या उपाधीला ठोस वंशावळीचा आधार होता काय, याबद्दल अभ्यासकांनी शंका घेतली आहे. शर्यतींच्या जगात मात्र पितापुत्र दोघेही काउंट म्हणूनच ओळखले गेले. आई मार्गारेट लॉरा कॅरी या न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर या धनाढ्य घराण्यातील होत्या. डच मुत्सद्दी बॅरन द स्टुअर्स यांच्याशी झालेला पहिला विवाह घटस्फोटाने संपल्यावर त्यांनी एलियट झबोरोव्स्की यांच्याशी विवाह केला. या घटस्फोटाची त्या काळच्या वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली होती.

एलियट हे मोटार शर्यतींच्या अगदी पहिल्या पिढीतील चालक होते. १ एप्रिल १९०३ रोजी फ्रान्समधील नीसजवळच्या ला तुर्बी येथील घाटचढाईच्या शर्यतीत त्यांची ६० अश्वशक्तीची मर्सिडीज वळणावर खडकावर आदळली आणि ते जागीच मरण पावले. लुई त्या वेळी आठ वर्षांचे होते. खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट चढताना जशी एकामागून एक वळणे लागतात, तसाच हा समुद्रालगतचा डोंगरी रस्ता होता. अशा रस्त्यावर इंजिनाच्या ताकदीपेक्षा गाडीचा तोल अधिक महत्त्वाचा ठरतो. याच चढाईवर तीन वर्षांपूर्वी, १९०० साली, डाइम्लर कंपनीच्या गाडीवर विल्हेल्म बाउअर या चालकाचाही मृत्यू झाला होता. ती गाडी उंच व आखूड होती आणि तिच्या मानाने इंजिन जड होते. त्यानंतर विल्हेल्म मायबाख यांनी लांब आणि जमिनीलगत बसणाऱ्या चॅसीची नवी गाडी तयार केली. मर्सिडीज हे नाव धारण करणारी तीच पहिली गाडी होय. मोठे इंजिन बसवायचे तर आधी गाडीचा सांगाडा त्यास योग्य हवा, हा धडा मोटारबांधणीने अशा रीतीने प्राणांची किंमत मोजून घेतला होता.

१९१० साली मार्गारेट यांनी केंट परगण्यातील कँटरबरीजवळच्या ब्रिज या गावी हायम पार्क ही मोठी वास्तू विकत घेतली. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, त्यांचे निधन झाले आणि सोळा वर्षांच्या लुई यांच्याकडे इंग्लंडमधील ही वास्तू व न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन भागातील मोक्याच्या जमिनी आल्या. त्या काळातील जगातील सर्वांत श्रीमंत तरुणांमध्ये त्यांची गणना होत असे. उदरनिर्वाहासाठी काही करण्याची त्यांना आयुष्यात कधी गरज पडली नाही. पुढे जे काही घडले, त्याचा विचार करताना ही बाब नजरेआड करून चालत नाही.

युद्धोत्तर काळ आणि विमानांची इंजिने

पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपले. व्हर्सायच्या तहानुसार जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्यास मनाई झाली आणि विमानांची असंख्य इंजिने एकाएकी निरुपयोगी ठरली. दोस्त राष्ट्रांकडेही अशा इंजिनांचे ढीग पडून होते. अत्यंत काळजीपूर्वक घडवलेली ही यंत्रे भंगारापेक्षा थोड्या अधिक किमतीत मिळू लागली. त्याच वेळी युद्धापूर्वीच्या, आता जुन्या ठरलेल्या पण दणकट अशा मोटारींच्या चॅसीही बाजारात सहज उपलब्ध होत्या. या दोहोंचा संयोग करण्याची कल्पना झबोरोव्स्की यांच्याप्रमाणे इतर काहींनाही सुचली. मात्र तिच्यासाठी लागणारा पैसा, जागा आणि उत्साह एकत्र असलेली माणसे थोडी होती. हायम पार्कच्या आवारातील तबेल्यांत झबोरोव्स्की यांनी सुसज्ज कार्यशाळा उभारली.

या कामात त्यांचे मुख्य सहकारी कॅप्टन क्लाइव्ह गॅलप हे अभियंते होते. युद्धकाळात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये काम केल्यामुळे विमानांच्या इंजिनांचा त्यांना जवळून परिचय होता. बेंटली कंपनीच्या पहिल्या इंजिनाच्या आरेखनातही त्यांचा वाटा होता. चिटी गाड्यांचे श्रेय पुष्कळदा एकट्या झबोरोव्स्की यांना दिले जाते. कल्पना आणि पैसा त्यांचा असला, तरी ती कल्पना रस्त्यावर धावण्याजोगी करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी गॅलप यांचे आहे.

चिटी बँग बँग

पहिली चिटी १९२१ च्या आरंभी तयार झाली. तिच्यासाठी युद्धापूर्वीच्या मर्सिडीजची चॅसी घेऊन ती लांब व मजबूत करण्यात आली आणि तिच्यावर जर्मन बनावटीचे सहा सिलिंडरचे मायबाख विमान-इंजिन बसवण्यात आले. या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा व्यास १६५ मिलिमीटर व दट्ट्याची धाव १८० मिलिमीटर होती. सहाही सिलिंडरांचे एकूण आकारमान सुमारे २३ लिटर भरत असे. आजच्या भारतीय रस्त्यांवरील छोट्या मोटारींचे इंजिन बहुधा १.२ लिटरचे असते, म्हणजे चिटीचा एकेक सिलिंडर अशा तीन मोटारींच्या इंजिनांपेक्षाही मोठा होता. इंजिनाची शक्ती सुमारे ३०० अश्वशक्ती होती. योगायोग असा की मर्सिडीज हे वाण ज्यांनी घडवले त्या विल्हेल्म मायबाख यांचे पुत्र कार्ल यांच्या कंपनीत हे इंजिन बनले होते. झेपेलिन हवाईजहाजांसाठी इंजिने पुरवणारी हीच ती कंपनी. गाडीचा वरचा साचा कँटरबरीच्या कारागिरांनी बांधला.

असे इंजिन मोटारीत बसवणे म्हणजे केवळ जुने काढून नवे खिळवणे नव्हे. विमानाच्या इंजिनाला पंखा फिरवायचा असतो. पंखा फार वेगाने फिरवून उपयोग नसतो, म्हणून ही इंजिने मिनिटाला सुमारे १,४०० ते १,५०० फेऱ्यांवरच आपली पूर्ण शक्ती देत. ताकद प्रचंड, पण फेरे थोडे, असा हा प्रकार होता. त्यामुळे चाकांना पुरेसा वेग मिळण्यासाठी इंजिन आणि मागची चाके यांच्यामधील दातचक्रांचे प्रमाण पूर्णपणे बदलावे लागे. येथे जुन्या पद्धतीची साखळी उपयोगी पडली. सायकलप्रमाणे साखळीने चाके फिरवणाऱ्या गाडीत पुढचे व मागचे दातेरी चक्र बदलले की हे प्रमाण बदलता येते, त्यासाठी नवा गिअरबॉक्स घडवावा लागत नाही. युद्धानंतर साखळीच्या गाड्या कालबाह्य मानल्या जात होत्या. झबोरोव्स्की व गॅलप यांनी मात्र त्या जाणूनबुजून निवडल्या.

दुसरी अडचण टॉर्कची होती. मूळ इंजिनाच्या कितीतरी पट पीळ देणारे इंजिन जोडल्यावर क्लच घसरतो, दाते तुटतात, चॅसीच्या लांब पट्ट्या पिळवटतात. तिसरी अडचण वजनाची. अवजड इंजिन पुढे बसल्याने पुढची चाके जमिनीला दाबली जात आणि सुकाणू फिरवण्यास चालकाला खांद्यांचे बळ लावावे लागे. याउलट मागच्या चाकांवर भार कमी पडल्याने ती ओल्या रस्त्यावर सहज घसरत. चौथी अडचण अशी की गाडी ज्या वेगासाठी बनवलेली होती त्याच वेगासाठी तिचे ब्रेक आणि टायरही बनवलेले होते. त्या काळातील बहुतेक गाड्यांना ब्रेक केवळ मागच्या चाकांना असत. इंजिनाची शक्ती एका रात्रीत वाढवता येई, थांबण्याची शक्ती तशी वाढवता येत नसे.

चिटी या नावाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे मंद गतीने चालणाऱ्या इंजिनाच्या आवाजावरून ते पडले. दुसऱ्या मताप्रमाणे ते युद्धकाळातील सैनिकांच्या एका अश्लील गीतावरून घेतले होते. बालवाङ्‌मयात स्थिरावलेल्या नावाच्या बाबतीत पहिले मत अर्थातच अधिक लोकप्रिय झाले.

ब्रुकलंड्सवरील शर्यती

लंडनच्या नैर्ऋत्येस वेब्रिजजवळ १९०७ साली बांधलेला ब्रुकलंड्स हा खास मोटार शर्यतींसाठीचा काँक्रीटचा गोलाकार मार्ग होता. त्याच्या एका फेरीची लांबी सुमारे ४.४ किलोमीटर होती व वळणांवर रस्ता भिंतीसारखा कलता होता. सार्वजनिक रस्त्यांवर वेगमर्यादा असल्याने इंग्लंडमधील वेगवेड्या चालकांचे ते आश्रयस्थान होते. तेथे दुर्बळ गाडी आधी आणि बलवान गाडी मागाहून सोडण्याची पद्धत असल्याने शेवटच्या फेरीत सर्व गाड्या जवळजवळ एकत्र येत. सर्वांत मागून सुटून एकेका गाडीला मागे टाकत येणारी २३ लिटरची चिटी ही प्रेक्षकांसाठी पर्वणीच होती.

१९२१ च्या ईस्टरमध्ये चिटीने तेथे पदार्पण केले आणि त्याच दिवशी दोन शर्यती जिंकल्या. तिचा एका शर्यतीतील वेग ताशी १०० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरच्या, पुढे गेला. झबोरोव्स्की आणि त्यांचे सहकारी चौकटीच्या एकसारख्या टोप्या घालून मैदानावर येत. गाडीचा अवाढव्य धुराडा, तिचा आवाज आणि मालकाची ऐट यांमुळे चिटी अल्पावधीत सर्वतोमुखी झाली.

सप्टेंबर १९२२ मध्ये ब्रुकलंड्सवरच तिचा गंभीर अपघात झाला. वेगात असताना टायर फुटला, गाडी मार्गाबाहेर फेकली गेली आणि वेळ नोंदवणाऱ्यांच्या खोपटावर आदळली. झबोरोव्स्की बचावले, परंतु तेथील एका अधिकाऱ्याला हाताची बोटे गमवावी लागली. या छंदाची किंमत केवळ चालकच मोजतो असे नाही, हे या प्रसंगात दिसून आले. गाडी दुरुस्त झाली, पण झबोरोव्स्की यांनी ती पुन्हा शर्यतीत उतरवली नाही.

पुढील गाड्या

दुसऱ्या चिटीत बेंझ कंपनीचे १८.८ लिटरचे विमान-इंजिन होते. ही गाडी शर्यतीपेक्षा प्रवासासाठी अधिक वापरली गेली. जानेवारी १९२२ मध्ये झबोरोव्स्की, त्यांच्या पत्नी व्हायोलेट, गॅलप आणि इतर काही मंडळी ही चिटी व सोबत एक मर्सिडीज घेऊन फ्रान्समार्गे भूमध्य समुद्र ओलांडून अल्जीरियात गेली आणि सहारा वाळवंटाच्या कडेपर्यंत पोहोचली. प्रत्येक सिलिंडर तीन लिटरहून मोठा असलेली गाडी वाळूत आणि डोंगरी रस्त्यांवर चालवणे हे शर्यत जिंकण्याहून सोपे नव्हते.

तिसऱ्या गाडीसाठी मर्सिडीजच्याच तुलनेने नव्या चॅसीवर त्याच कंपनीचे १४.८ लिटरचे विमान-इंजिन चढवण्यात आले. आकडा लहान झाला असला तरी ही गाडी अधिक समतोल होती. ब्रुकलंड्सवर तिने ताशी सुमारे १८१ किलोमीटर वेगाने फेरी पूर्ण केली, म्हणजे २३ लिटरच्या पहिल्या चिटीच्या पदार्पणातील वेगाहून तिचा वेग बराच अधिक होता.

चौथी गाडी 'हायम स्पेशल' या नावाने ओळखली जाते. तिच्यात अमेरिकेचे बारा सिलिंडरचे, २७ लिटरचे लिबर्टी विमान-इंजिन आणि युद्धापूर्वीच्या बेंझ शर्यतगाडीचा साखळीचा गिअरबॉक्स होता. झबोरोव्स्की यांच्या हयातीत ही गाडी पूर्णत्वास गेली नाही.

ॲस्टन मार्टिन व ग्रांप्री शर्यती

एकीकडे अजस्र इंजिनांची हौस चालू असताना दुसरीकडे झबोरोव्स्की यांनी अगदी उलट दिशेच्या प्रयोगालाही पैसा पुरवला, ही गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. लायोनेल मार्टिन यांची ॲस्टन मार्टिन ही कंपनी त्या वेळी दीड लिटरच्या हलक्या गाड्या बनवत होती आणि सतत आर्थिक विवंचनेत होती. झबोरोव्स्की यांच्या पैशातून तिने प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असलेली नवी इंजिने तयार केली. १९२२ साली स्ट्रासबुर्ग येथील फ्रेंच ग्रांप्रीत अशा दोन गाड्या उतरल्या. एक स्वतः झबोरोव्स्की यांनी आणि दुसरी गॅलप यांनी चालवली. दोन्ही गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत, मात्र ॲस्टन मार्टिनचे हे ग्रांप्रीतील पदार्पण ठरले.

१९२३ मध्ये त्यांनी अमेरिकेत जाऊन इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत बुगाटी चालवली, पण इंजिन निकामी झाल्याने त्यांना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाजवळच्या सिजेस येथील नव्या मार्गावर झालेल्या स्पॅनिश ग्रांप्रीत त्यांनी अमेरिकन बनावटीच्या मिलर गाडीवर दुसरा क्रमांक मिळवला. सनबीमचे आल्बेर दिव्हो पहिले आले. केवळ पैशाच्या बळावर गाडीत बसणारा हौशी, अशी त्यांची प्रतिमा रंगवली जाते. सिजेसचा निकाल पाहता ती पूर्णपणे न्याय्य वाटत नाही.

मृत्यू

१९२४ साली मर्सिडीज कंपनीने त्यांना आपल्या संघात घेतले. ज्या वाणाच्या गाडीवर वडिलांचा मृत्यू झाला होता, त्याच वाणाचे ते आता अधिकृत चालक झाले. १९ ऑक्टोबर १९२४ रोजी मोन्झा येथे इटालियन ग्रांप्रीत लेस्मो वळणाजवळ त्यांची दोन लिटरची आठ सिलिंडरची मर्सिडीज घसरून झाडावर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. शेजारी बसलेले मेकॅनिक लेन मार्टिन वाचले. उरलेल्या मर्सिडीज गाड्यांनी शर्यतीतून माघार घेतली. अल्फा रोमिओचे आंतोनियो आस्कारी विजयी झाले.

ला तुर्बी येथे एलियट यांच्या बाहीचे बटण हाताने चालवायच्या थ्रॉटलमध्ये अडकल्याने अपघात झाला आणि मोन्झाच्या दिवशी लुई यांनी वडिलांची तीच बटणे लावली होती, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती रंजक असली तरी तिला आख्यायिकाच मानणे इष्ट. लेस्टरशायरमधील बर्टन लाझर्स येथे आईवडिलांच्या शेजारी लुई यांचे दफन करण्यात आले.

लघुरेल्वे

मोटारींखेरीज झबोरोव्स्की यांना लहान आकाराच्या रेल्वेचाही छंद होता. हायम पार्कच्या आवारात त्यांनी १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर, रुंदीचा लोहमार्ग घातला होता. कर्जत तालुक्यातील नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळांमधील अंतर ६१० मिलिमीटर आहे. त्यावरून हा मार्ग किती अरुंद होता याची कल्पना येते. मित्र कॅप्टन हाउई यांच्यासह सार्वजनिक वापराची लघुरेल्वे उभारण्याचे त्यांनी ठरवले होते आणि त्यासाठी हेन्री ग्रीनली यांच्या आरेखनाची दोन वाफेची इंजिने मागवली होती. ती तयार होण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला. हाउई यांनी योजना पुढे नेली आणि १९२७ साली केंटच्या किनाऱ्यावर रॉमनी, हाइद अँड डिमचर्च रेल्वे सुरू झाली. ती आजही चालू आहे.

प्रभाव

लेखक इयान फ्लेमिंग यांनी शाळकरी वयात ब्रुकलंड्सवर चिटी पाहिली होती. त्यांनी मुलांसाठी लिहिलेले 'चिटी-चिटी-बँग-बँग' हे पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६८ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. पुस्तकातील उडणारी गाडी आणि खरी चिटी यांत नावापलीकडे साम्य थोडे आहे.

लहान वा जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवण्याची परंपरा पुढे सिडनी अलार्ड, कॅरोल शेल्बी आदींनी चालवली. शेल्बी यांनी १९६२ मध्ये इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून कोब्रा तयार केली. पुढे तिच्यात सात लिटरचे इंजिन घालायचे ठरले तेव्हा चॅसी नव्याने आखावी लागली. भारतात असे बदल मालकाच्या इच्छेवर सोडलेले नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांहून वेगळा फेरफार वाहनात करता येत नाही आणि इंजिन बदलण्यासाठी नोंदणी प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

गाड्यांचे पुढे काय झाले

पहिली चिटी काही काळ आर्थर कॉनन डॉयल यांच्या मुलांकडे होती, पुढे ती मोडीत निघाली. दुसरी चिटी अद्याप अस्तित्वात आहे.

अपूर्ण राहिलेली हायम स्पेशल वेल्श अभियंते जे. जी. पॅरी-थॉमस यांनी झबोरोव्स्की यांच्या मृत्यूनंतर अवघ्या १२५ पौंडांना घेतली. त्यांनी तिचे नाव 'बॅब्स' ठेवले, इंजिनात स्वतः आखलेले दट्टे व चार कार्ब्युरेटर बसवले आणि एप्रिल १९२६ मध्ये वेल्समधील पेंडाइनच्या वाळूच्या किनाऱ्यावर ताशी सुमारे २७५ किलोमीटर वेग गाठून जमिनीवरील वेगाचा विश्वविक्रम केला. फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्बेल यांनी तो मोडला. तो परत मिळवण्याच्या प्रयत्नात ३ मार्च १९२७ रोजी बॅब्स उलटून पॅरी-थॉमस मरण पावले. गाडी तेथेच वाळूत पुरण्यात आली. तुटलेल्या साखळीचा तडाखा बसून मृत्यू झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन यांनी बॅब्स उकरून काढल्यानंतर या कारणाबद्दल शंका घेतली गेली. अनेक वर्षे खपून त्यांनी गाडी दुरुस्त केली आणि लिबर्टी इंजिन पुन्हा सुरू झाले. पेंडाइन येथील संग्रहालयात ती वर्षातील काही काळ प्रदर्शित केली जाते.